सामाईक मूठ

खिंडीच्या ऐन चढावर गिअरची मूठ हद्दूच्या हातात आली. आली म्हणजे दांडा सोडून आली. मागं मेंढरं होती, अक्रोडाची पोती होती आणि पोत्यांवर अर्धं इम्सूर गाव बसलं होतं. हद्दूनं ब्रेकवर पाय रोवला, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि "धोंडं लावा," एवढंच म्हणाला. लोक उतरले, चाकांमागं धोंडे लावले आणि मूठ बघायला पुढं जमले. काळी जुनी मूठ मधोमध चिरली होती, आतले आटे झिजून गुळगुळीत झाले होते. हद्दूनं डोक्याचं मुंडासं सोडून उघड्या दांड्याला गुंडाळलं आणि ट्रक कसाबसा बाजारात नेला. परत आला तेव्हा तळहाताची सालटं निघाली होती.

हे सगळ्यांना दिसलं. एक गोष्ट मात्र कुणाला दिसली नाही. गेल्या थंडीपासून हद्दूच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मिटत नव्हतं. तीन बोटांनी जेवणं हे तसंही चांगल्या मुसलमानाचं लक्षण, त्यामुळं ताटावर कुणाच्या ध्यानात आलं नाही. बायकोला, तूदाला, तेवढं ठाऊक होतं. त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या तीच लावत होती. जुनी मूठ इतक्या वर्षांत त्याच्याच हातानं झिजली होती, म्हणून ती त्या अधू बोटांनाही सांभाळून घ्यायची. आता तीच गेली होती.

दुसरी अडचण अशी, की ट्रक अर्धा मोहाचा होता. मोहा म्हणजे तूदाचा धाकटा भाऊ. इम्सूरमध्ये अक्रोडाचं झाड फांद्यांनी वाटतात. ही फांदी माझी, ती तुझी, बुंध्यावर दोघांचा हक्क. ट्रक आला तेव्हा गावच्या जमातीला, म्हणजे म्हाताऱ्यांच्या पंचायतीला, वाटणीची तेवढीच रीत माहीत होती. त्यांनी ट्रक उभा चिरला. स्टिअरिंग डावीकडं होतं, म्हणून डावी चाकं, डावा दिवा, डावं दार हद्दूचं. उजवं सगळं मोहाचं. ज्याच्या बाजूचं मोडेल त्यानं दुरुस्त करायचं. एका साली हद्दूकडून दिवा लवकर झाला नाही, तर ट्रक वर्षभर एका डोळ्यानं हिंडला, पण रीत मोडली नाही. आणि गिअरचा दांडा बरोबर मधोमध होता.

सकाळी मोहा आला. चहा घेतला, पुदिन्याची काडी चावत बसला.

"दाजी, मूठ मोडली म्हंत्यात."

"मोडली."

"कुनाच्या बाजूची म्हनायची?"

"मधली हाय. दोगांची."

"दोगांची कशी? उजवीकडं बसून मी कवा हात लावलाय तिला? वापरलीसा तुमी, झिजवलीसा तुमी."

हद्दू म्हणाला, मग तू बस डाव्या बाजूला आणि चालव. मोहाला ट्रक चालवता येत नव्हता. पण हेच वाक्य निघावं म्हणून तो सकाळपासून चहा पीत होता. त्यानं लगेच आपल्या जावयाचं, झायदचं नाव काढलं. झायद शहरात वाळूच्या गाड्या चालवून आला होता. त्याचे हात फावड्याएवढे होते, आणि पोरगा वाईट नव्हता, हीच खरी अडचण होती. वाईट असता तर हद्दूला शिव्या तरी देता आल्या असत्या.

प्रकरण जमातीपुढं गेलं. ओढ्याकाठच्या सपाटीवर म्हातारे बसले, मधोमध बासूआबा. वाऱ्यानं लाल माती उडून सगळ्यांच्या भुवयांवर बसली होती, त्यामुळं सगळे सारख्याच वयाचे दिसत होते. मोहानं बोलायला सुरुवात केली ती मुठीपासून, आणि संपवली ती हाताशी.

"नाचता येईना अंगन वाकडं, त्यातली गत हाय," तो म्हणाला. "मुठीचं काय न्हाई. दाजींचा हात थकलाय. झायदकडं चावी द्या, दाजींनी आता भिताडाला टेकून ऊन खावं."

मशिदीच्या त्या भिंतीला हद्दू भीत होता. तिला टेकून बसलेले म्हातारे त्यानं रोज बघितले होते. त्यांना कुणी काही विचारत नसे. नुसतं सलाम करून पुढं जात. ट्रकवाल्याला सगळे विचारतात. बाजार कधी, पाऊस लागेल का, माझ्या लेकीच्या घरी हे गाडगं पोचवशील का. एवढ्यावरच त्याचं सगळं उभं होतं.

बासूआबांनी निवाडा दिला. "मूठ सामाईक. दोगांच्या पसंतीची बसवायची. बसली की हद्दूनं भरला ट्रक खिंडीवर न्हेऊन दावायचा. गेर हुकला तर चावी झायदची. आन् एकदा दोगांनी व्हय म्हटलं की मूठ बदलायची न्हाई, न्हाईतर दर बाजाराला नवी भानगड."

पुढच्या गुरुवारी, बाजाराच्या दिवशी, ट्रक गावातच राहिला आणि हद्दू नि मोहा खेचरांवरून बाजारात गेले. जुन्या सामानाचा दुकानदार ताडपत्रीवर मुठींचा ढीग मांडून बसला होता. हद्दूनं एकेक हातात घ्यायला सुरुवात केली. लोखंडाची होती, ती उन्हात तव्यासारखी तापली होती. पितळेची होती, ती नीट बघितली तर कुणाच्या तरी दाराची निघाली. एक मोटारीची होती, कोंबडीच्या अंड्याएवढी. ती इम्सूरच्या ट्रकवर बसवली असती तर मेंढरंसुद्धा हसली असती. गोल मूठ हातात घेतली की ती दोन आखडलेली बोटं आडवी येत आणि मूठ निसटे. मोहा बोटांकडं बघतोय असं वाटलं की हद्दू मूठ पटकन खाली टाकी आणि म्हणे, हलकी आहे.

मोहाला एक काचेची आवडली. आत खराखुरा विंचू होता, नांगी वर करून. हद्दू म्हणाला, मी चढावर गिअर बघू का विंचू बघू. मोहा म्हणाला, झायदला आवडेल. दुकानदारानं टोपी मागं सारली. "लग्नाची पोरगी बघाया एवडा येळ लागत न्हाई, पावनं," तो म्हणाला, "आन् ही तर बोलतबी न्हाई." दोघं रिकाम्या हातानं परत आले. वाटेत मोहा विंचवाबद्दलच बोलत राहिला.

घरी तूदा जवाचं पीठ मळत होती. हद्दू उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, की मी उद्या स्वतःहून चावी देतो. साऱ्या गावासमोर गिअर हुकण्यापेक्षा ते बरं. तूदानं परातीतून पिठाचा एक गोळा तोडला आणि त्याच्या उजव्या हातात कोंबला.

"धरा."

"काय धरू?"

"गेर धरता तसं धरा. घट."

त्यानं धरला. तिनं त्याचा हात अलगद सोडवला. गोळ्यावर अंगठा उमटला होता, दोन बोटं खोल रुतली होती, आणि जिथं बाकीची दोन रुतायला हवीत तिथं पिठाचा उंचवटा आला होता. हद्दू त्याच्याकडं बघत राहिला. महिनोन्‌महिने जे त्यानं बाहीत, खिशात, खेचराच्या लगामात लपवलं होतं ते परातीच्या काठावर बसलं होतं. त्याला लाज वाटली, आणि थोडी कीवही आली, जशी दुसऱ्या कुणाच्या हाताची यावी.

"ह्ये गावाला दावायचं?" त्यानं विचारलं.

"गावाला गाडी चालवून दावायची."

"बघनाऱ्याला कळंल."

"कळू द्या. झाकली मूठ किती दिस झाकनार? कळल्यानं बोटं आनखी वाकडी हुत न्हाईत."

तिनं तो गोळा भट्टीत भाजला, कडक केला आणि पदराखाली घेऊन इद्दर सुताराकडं गेली. इद्दर गावचे नांगर करायचा. नांगराचं रुमणं शेतकऱ्याच्या हाताबरहुकूम घडवायचं असतं, त्यामुळं त्याला यात नवल वाटलं नाही. हे कुणाच्या हाताचं, असं त्यानं विचारलंही नाही. अक्रोडाच्या वाळल्या लाकडातून त्यानं तसाच गोळा कोरून काढला आणि भाजलेला नमुना परत पाठवला. आता भाकर ती भाकर. टाकली तर पाप. तूदानं ती रात्रीच्या बिसाऱ्यात, बाकल्याच्या दाट आमटीत भिजवली आणि नवऱ्यापुढं ठेवली. हद्दूनं स्वतःची मूठ आमटीत बुडवून खाल्ली. मीठ कमी होतं, तो म्हणाला.

जमात पुन्हा बसली तेव्हा लाकडी मूठ हातोहात फिरली. एकीकडं खळगे, एकीकडं टेंगूळ. बासूआबांनी ती आपल्या हातात धरली, फिरवली, पुन्हा धरली. मग त्यांनी हद्दूच्या उजव्या हाताकडं बघितलं. हद्दूनं या वेळी हात बाहीत ओढला नाही; गुडघ्यावर तसाच ठेवला. आबांना कळलं. आणखी दोघातिघांना कळलं.

"लाकूड बरं हाय," आबा म्हणाले आणि मूठ मोहाकडं दिली.

मोहाला मात्र टेंगळापलीकडं काही दिसलं नाही. तो इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. असल्या मुठीनं गिअर हुकणारच, याची त्याला खात्री पटली. "ह्यो मोड आलेला बटाटा हाय," तो म्हणाला. "बसवा बसवा. मला मान्य हाय. सगळ्यांदेखत सांगतो, मला मान्य हाय." इद्दरनं लगेच दांड्याचं टोक तापवून त्यावर मूठ ठोकली आणि आरपार खिळा मारला. दोघांची संमती झाली होती.

भरला ट्रक निघाला. शेजारी मोहा, त्याच्या पलीकडं झायद, मागं मेंढरं आणि गाव. खिंडीच्या पायथ्याला हद्दूनं मूठ धरली. अंगठा आपल्या जागी गेला, दोन बोटं आपल्या घरात गेली, आणि ती दोन अधू बोटं टेंगळावर नुसती पडून राहिली. त्यांना काहीच करायचं नव्हतं. पहिल्या वळणाला गिअर लोण्यात सुरी जावी तसा पडला. सगळ्यात कठीण वळणावर दात एकमेकांवर खरखरले, मागचं बोलणं बंद झालं, मोहा पुढं सरकला. हद्दूनं दांडा एवढासा मागं घेतला, इंजिनाचा आवाज ऐकला, पुन्हा लोटला. गिअर पडला. माथ्यावर पोचल्यावर त्यानं ट्रक थांबवला, पण मूठ सोडली नाही. त्याला रडू येत होतं आणि ते मोहाच्या शेजारी बसून येऊ द्यायचं नव्हतं.

मोहा गप्प बसणारा नव्हता. म्हणाला, परतताना झायदला चालवू द्या, पोराचा हात बसू दे. हद्दू खाली उतरला. झायदनं मूठ धरली आणि बोटं हलवत बसला. त्याच्या चार धडधाकट बोटांना तिथं जागाच नव्हती. टेंगूळ तळहातात रुतत होतं, खळगे भलत्याच ठिकाणी होते. जोर लावला की हात सटके. पहिल्याच उतारावर ट्रक ना या गिअरमध्ये ना त्या, असा सुटला. ब्रेक लागले म्हणून निभावलं. लोक पुन्हा उतरले आणि धोंडे शोधू लागले.

"मामा," झायद सासऱ्याला म्हणाला, "हात धड असला की ही मूठ धरता येत न्हाई."

मोहानं तेव्हा पहिल्यांदा मुठीकडं नीट बघितलं. मग दाजींच्या हाताकडं बघितलं.  मूठ काढा, असं तो मागं बसलेल्या बासूआबांना म्हणाला. आबा म्हणाले, आता बदलायची नाही, तू सगळ्यांदेखत मान्य म्हणालास, आणि एकदा नाही, दोनदा.

जर्दाळू पिकायच्या दिवसांत हद्दूला ताप आला. जर्दाळू थांबत नाहीत. दोन दिवस गावात राहिले की ओढ्यात फेकायची वेळ येते. ज्याला त्याला हद्दूच्या तब्येतीची काळजी लागली. कुणी मध आणला, कुणी तूप आणलं. सगळ्यांच्या आधी आला मोहा, काखेत कोंबडी घेऊन. कोंबडी बहिणीकडं दिली, चुलीवर ऑलिव्हचं तेल कोमट केलं आणि उशाशी बसून दाजींची ती दोन बोटं चोळू लागला. एकेक पेर, सावकाश. मधूनच विचारी, दाजी, आता हलतंय का. झायद दारात उभा राहून, ट्रक धुऊन ठेवलाय, असं सांगून गेला.

तूदा कोंबडी सोलता सोलता हे बघत होती.

"आता तुमाला मरायचं झालं," ती नवऱ्याला म्हणाली, "तर आदी जमातीला इचारावं लागंल."

हद्दू डोळे मिटून पडला होता. ताप आणखी थोडा राहिला तरी चालेल, असं त्याच्या मनात येत होतं. पण गुरुवार जवळ आला होता.