टोपलीतून दिसलेलं तळं

बोटीतून उतरता उतरता बाइंडरने मनातल्या मनात ते वाक्य पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. ‘ताई, लेकीकडे जाऊ नकोस, माझ्याकडे राहायला ये.’ वाक्य तसं साधं होतं. पुस्तकांचे पुठ्ठे कापताना, खळ ढवळताना तो ते कितीदा तरी घोकत आला होता. पण ताई समोर आली की ते कुठे दडी मारून बसायचं कोण जाणे.

सोमवारी सकाळी ताईच्या दारात टेम्पो येणार होता. तिची खोकी बांधून तयार होती, पडदे काढून झाले होते. लेक राहायची लांबच्या शहरात. तिच्याकडे लिफ्ट, बाग, नातवंडं. आणि आपल्याकडे काय, तर दुकानाच्या वरची एक खोली. तिथले कागदांचे गठ्ठे हलवून त्याने ती रिकामी केली होती, स्वतः शिडीवर चढून रंगही दिला होता, आणि यातलं चकार अक्षर कुणाजवळ काढलं नव्हतं. ऐकून ताई हसली तर? त्याहून वाईट म्हणजे, कीव येऊन हो म्हणाली तर?

“चिकट्या, बोटीवाल्याची वाट अडवून उभा आहेस तू,” ताई धक्क्यावरून ओरडली. लहानपणी तो तिचा पदर सोडत नसे म्हणून हे नाव पडलं होतं. पुढे खळीचा धंदा पत्करून त्याने ते खरंच करून दाखवलं.

आजची सहल ताईनेच ठरवली होती. “जाण्याआधी एकदा बाबांच्या वाटेने वर जाऊन येते,” ती म्हणाली होती, “येतोस तर ये.” ही भावंडं लहानपणी तळ्याकाठी राहत. आई त्याच्या जन्मानंतर फार जगली नाही. बाबा वरच्या गावात वाइनवाल्याकडे कामाला. पोरांना घरी कुणाच्या भरवशावर ठेवायचं? मग रोज सकाळी बाबा द्राक्षांची रिकामी टोपली पाठीला अडकवायचे, पोरांना तिच्यात घालायचे आणि चढण चढायला लागायचे. चांगली खोल टोपली होती ती. ताई मोठी म्हणून काठाला धरून उभी राहायची. धाकटा तिच्या पायांशी, तळाला. संध्याकाळी उतरताना दोघंही मुटकुळं करून झोपलेली असत. बाबा शहरात कामाला लागले आणि ती वाट सुटली. पुन्हा इकडे यायचं येत्या वर्षी, येत्या वर्षी म्हणता म्हणता केस पिकले.

धक्क्यापासून पायवाट निघत होती. सुरुवातीला वेत आणि लव्हाळी, त्यात कुठेतरी पाणकोंबडी कुरकुरत होती. मग वाट वळून द्राक्षमळ्यांत शिरली. दगडी बांधांच्या पायऱ्या पायऱ्या वर चढत गेलेल्या, वेली तारांना बांधलेल्या, पानांच्या कडा नुकत्या लाल होऊ लागलेल्या. ताई पुढे, हा मागे. ताईचं तोंड चालू होतं, म्हणजे सगळं ठीक होतं.

पण हळूहळू ते तोंड बंद पडलं.

एका फाट्यावर ती थांबली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. “इथे एक मोठा खडक होता ना रे?”

“होता की,” तो म्हणाला. खरं म्हणजे त्याला काहीच ठाऊक नव्हतं.

“मग कुठे गेला? खडक काय पाय फुटून जातो?” ती आणखी थोडी चढली. “हे देऊळ म्हणा, चर्च म्हणा, ज्याचा काय तो कळस दिसतोय, ते आपण कधी पाहिलं नाही. ही भिंतही नाही. चिकट्या, ही आपली वाटच नव्हे.”

“पाटीवर गावाचं नाव तर तेच होतं.”

“पाटीला काय कळतंय!” ती बांधावर मटकन बसली. चष्मा काढून पदराने पुसायला लागली, आणि पुसणं काही संपेना. “उगीच आले मी. म्हटलं, जाताना डोळ्यांत भरून न्यावं काहीतरी. तर इथे आपलं म्हणावं असं काही उरलेलंच नाही. बरंय. सुटले म्हणायचं.”

‘आता बोल,’ त्याने स्वतःला बजावलं. ‘आत्ता नाही तर कधी?’ घसा खाकरला. तोंडातून निघालं ते असं: “अंडं सोलून देऊ?”

“गिळ तूच.”

त्याने पिशवीतून उकडलेलं अंडं काढलं. काय करावं ते कळेना म्हणून ताईकडे पाठ करून सोलायला लागला, आणि तसाच थांबला. खाली तळं होतं. दोन टेकड्यांच्या मध्ये, वर रुंद नि खाली निमुळतं. मघाशी पार केलेल्या वळणावर, बांधाच्या अलीकडच्या अंगाला, एक खडक उंटासारखा मान काढून बसला होता. चढताना तो वेलींआड लपलेला होता.

“ताई,” तो म्हणाला, “आपण ही वाट कधी पाहिलेलीच नाही.”

“तेच म्हणतेय मी मघापासून.”

“तसं नव्हे गं. बाबांनी पाहिली. आपली तोंडं मागे असायची. टोपलीत. तू उलटी उभी राहायचीस. मागे बघ.”

ताईने चष्मा चढवला, वळून पाहिलं, आणि कितीतरी वेळ बोललीच नाही. ताईच्या बाबतीत ही गोष्ट लहानसहान नव्हती.

“उंट्या!” ती अखेर म्हणाली. “अरे, तो बघ उंट्या! आणि ती पाण्यात पाय सोडून बसलेली टेकडी. अगं बाई, सगळं आहे की जागच्या जागी!”

झालं. यापुढे ताई सुलट चालायलाच तयार होईना. त्याच्या हाताला धरून ती उलटी पावलं टाकत चढू लागली. तो सुलट चालून तिला सांगायचा, “दगड आहे, डावीकडे घे. माझी डावी नव्हे, तुझी.” मध्येच त्यालाही मोह आवरेना, मग दोघंही उलटी. पाठीवर पिशव्या टाकलेलं तरुण जोडपं वरून येत होतं. ते अंग चोरून बाजूला झालं.

“काका, वाट चुकलात का?” पोरगी काळजीने म्हणाली.

“नाही गं पोरी,” ताई म्हणाली, “आम्ही असेच वाढलोय.”

दर वळणावर तळं थोडं खाली जात होतं, थोडं मोठं होत होतं, आणि दर वळणाचं काहीतरी ताईला आठवत होतं. इथे बाबा खांदा बदलायचे. इथे टोपली एका अंगाला कलायची आणि हा रडायचा. शेवटच्या वळणावर बेट दिसलं. बाइंडरचे डोळे लकाकले.

“आणि घोडा?” त्याने विचारलं.

“कुठला घोडा?”

“बेटावरचा. पांढरा. रोज चरायचा तो. कधी उभा असायचा, कधी लोळायचा.” 

ताई त्याच्याकडे बघतच राहिली. “अरे वेड्या, बेटावर चुनाभट्टी होती. चुन्याचा ढीग होता तो. तू खाली बसून भोकाड पसरायचास, तुला दिसायचं काही नाही, मग मी सांगायचे घोडा आहे म्हणून. तू इतकी वर्षं तो घोडा…?”

“मला अजून दिसतो,” तो ओशाळून म्हणाला.

ताई हसू लागली. हसता हसता पुन्हा चष्मा काढावा लागला, पण या वेळचं पुसणं वेगळं होतं.

गावात बाबांचं दाबघर, म्हणजे द्राक्षं दाबून रस काढायची जागा, अजून उभं होतं. आत आता टेबलं मांडली होती, नि येणाऱ्यांना वाइन चाखायला देत होते. पण दगडी फरशी तीच होती, आणि तो आंबूस, गार वास फरशीत मुरलेला होता. एप्रन बांधलेल्या मालकीणबाईंनी दोन पेले आणून ठेवले. ताईने घोट घेतला, तोंड वाकडं केलं, म्हणाली, “बाबांच्या सदऱ्याला असाच वास यायचा,” आणि पेला रिकामा केला.

भिंतीवर शोभेला एक जुनी टोपली टांगलेली होती. बाइंडर पेला तसाच टाकून उठला आणि बाजूने विणीच्या फटीला डोळा लावून उभा राहिला. पलीकडे खिडकी होती. उजेडाच्या बारीक बारीक चिरा, बाकी काळोख. बस, एवढंच. टोपलीतून त्याने तळं पाहिलेलं नव्हतंच. टेकडी नाही, उंट्या नाही, बेट नाही. वरून ताईचा आवाज यायचा आणि त्या आवाजातून सगळं दिसायचं.

“बसतोस का आत?” मागून ताई म्हणाली. “विचारू बाईंना?”

परतीच्या बोटीत गर्दी होती. मागच्या टोकाला एका माणसापुरतं बाकडं मिळालं. ताई बसायला तयार नव्हती. “मला बघायचंय,” म्हणत ती कठड्याला धरून उभी राहिली. बाइंडर तिच्या पायांशी बसला. बोटीने धक्का सोडला. समोर माणसांच्या पाठी होत्या. त्याला दिसत होता ताईचा कोपर, साडीचा काठ आणि चपलेचा तुटत आलेला अंगठा.

“उतरलं बघ ऊन दाबघरावरून,” वरून आवाज आला. “उंट्याच्या डोक्यावर आहे अजून. आता बेट आलं.”

तो त्या कोपराकडे पाहून म्हणाला, “ताई, जाऊ नकोस. माझ्याकडे राहायला ये. वरची खोली रिकामी केलीय मी.”

इंजिनाची घरघर तेवढी चालू राहिली. तिला ऐकू गेलं नसेल, बरंच झालं, असं त्याला वाटलं. मग वाटलं, ऐकू गेलंय, म्हणूनच ती गप्प आहे.

“कधी केलीस रिकामी?” ताईने खाली न बघताच विचारलं.

“झाले बरेच दिवस. रंगही दिलाय.”

“कोणता?”

“पिवळा.”

“पिवळा! दवाखाना आहे का तो? आधी विचारायचंस तरी मला.”

“विचारतोय की.”

ताईने कठड्यावरचा हात बदलला.

“लेक रागावेल,” ती म्हणाली. “तिचं मी बघते. तू मध्ये पडू नकोस, तुला बोलता येत नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “टेम्पोवाल्याला मात्र आजच फोन करायला हवा. त्याला तुझा पत्ता कुठे ठाऊक आहे?”

त्याने तिच्या पदराचा काठ चिमटीत धरला.

“बेटावर काय आहे?” बऱ्याच वेळाने त्याने विचारलं.

ताईने कठड्यावरून वाकून नीट पाहिलं.

“लोळतोय,” ती म्हणाली.