रस्त्यावरची चौकट

लातूरचा जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती. गाव चारी अंगांनी पसरत होतं. काल ज्वारी उभी होती त्या रानात आज फक्कीच्या रेघा पडत, आणि रानाचे प्लॉट होत. नवी कचेरी आली की तिच्यामागं साहेब यायचे, साहेबांमागं त्यांचं बिऱ्हाड यायचं, आणि बिऱ्हाडाला खोल्या लागायच्या. अमृतराव गुरुजींच्या घरमालकालाही असाच एक साहेब भेटला होता. दिवाळीपर्यंत खोल्या मोकळ्या करून द्या, असं त्यानं गुरुजींना दोनदा सांगितलं होतं. पहिल्यांदा हसून आणि दुसऱ्यांदा न हसता.

गुरुजींनी जन्मभर चौथीचा वर्ग शिकवला. देवणीकडं, निलंग्याकडं, औराद शहाजानीला, जिथं बदली झाली तिथं त्यांच्या बायकोनं, महादेवीनं, भाड्याच्या चुलीवर भाकरी थापली. चूल सारवून जरा अंगवळणी पडली की पुन्हा गाडी भरायची. म्हणून निवृत्त होताच त्यांनी बार्शी रस्त्याकडं एक लहानसा प्लॉट घेतला होता. आता त्यावर घर व्हायचं होतं. पण त्या वर्षी पाऊस रुसला. माघ लागायच्या आतच आडांनी तळ दाखवला आणि टँकरमागं घागरी धावू लागल्या.

अशात महादेवीचा धाकटा भाऊ चंद्रप्पा देवणीहून आला. रिकाम्या हातानं नाही, टेम्पोत लाकूड घालून.

"अक्का, आपल्या हिरीवरचा लिंब वाळला," तो म्हणाला. "बापानं लावलेला. जळणात घालायचं मन होईना. सुताराकडनं दाराची चौकट करून आणली. तुझ्या घराला."

महादेवीनं चौकटीवरून हात फिरवला आणि पदर डोळ्यांना लावला. त्या कडुलिंबाखाली ती लहानपणी मोट हाकणाऱ्या बापाची न्याहारी घेऊन बसायची.

चौकट आली, पण तिला भिंत कुठाय? मठातल्या स्वामींना विचारलं तर ते म्हणाले, माघातला मुहूर्त चांगला आहे, पुढं वर्षभर असा नाही. "पाया बांधाल तर पाणी लागंल. चौकट बसवायला कुठं पाणी लागतंय? बसवून ठेवा. घर मागनं येतंय तिच्यापाठी."

गुरुजींना ते पटलं. गावाकडं घराचं दार रस्त्यावरच असतं. दारातून पाय उचलला की तो गल्लीत पडतो. कुणी बैलगाडीतून चाललं तर उंबऱ्यावर बसल्या बसल्या रामराम घालता येतो. त्यांनी दोरी धरली आणि प्लॉटच्या रस्त्याकडच्या कडेवर, बरोबर मध्यावर जागा ठरवली. व्यंकटी गवंड्यानं खड्डे घेतले. चंद्रप्पानं येताना कापडात गुंडाळून तांब्या आणला होता. आपल्या विहिरीच्या तळाशी साचलेलं शेवटचं पाणी त्यानं खरवडून भरून आणलं होतं. ते त्यानं खड्ड्यात ओतलं, स्वामींनी हळदकुंकू वाहिलं, व्यंकटीनं धोंडे ठासले, आणि ओसाड रानात एक चौकट उभी राहिली. पुढं रस्ता, मागं ढेकळं. आंब्याच्या डहाळ्याचं तोरण तेवढं हिरवं.

आजूबाजूला नव्यानं राहायला आलेल्या बिऱ्हाडांची पोरं संध्याकाळी तिथं खेळायला जमू लागली. गुरुजी तिथं एका दगडावर बसायचे. पोरं दिसली की त्यांना शिकवल्याशिवाय राहवायचं नाही. कधी पाढे, कधी दिशा, कधी ढेकळांवर रेघोट्या ओढून नद्या. एक गोष्ट त्यांनी पाहिली होती. चौकटीच्या दोन्ही बाजूंना सगळं रान मोकळं, पण एकही पोर बाजूनं आत यायचं नाही. सगळी चौकटीतून यायची. एखाद्यानं चुकून वळसा घातलाच, तर बाकीची ओरडायची, "चोर! चोर! भिंतीतनं आला!"

मुहूर्त झाल्यावर गुरुजी नगरपालिकेत गेले. बांधकामाची परवानगी लागते हे त्यांना ठाऊक होतं. ती चौकटीच्या आधी लागते हे मात्र ठाऊक नव्हतं. तिथं त्यांना कळलं की मालकीचे कागद हवेत, नकाशा हवा, आणि टंचाईमुळं गुढीपाडव्यानंतर नवी परवानगी द्यायची नाही असं ठरलं आहे. पाऊस पडून टंचाई उठेपर्यंत अर्ज बंद. आता परवानगी मिळाली तर पाऊसकाळ लागताच काम धरता येईल आणि दिवाळीला घरात जाता येईल. हुकली तर पाऊस पडेपर्यंत थांबा, मग रांगेत उभे राहा, आणि दिवाळीला कुणाच्या तरी पडवीत बिऱ्हाड मांडा.

नकाशे काढणाऱ्या वीरण्णानं निळ्या कागदावर सुबक नकाशा करून दिला. गुरुजींनी चष्मा लावून तो नीट वाचला. नकाशा कसा वाचावा हे त्यांनी जन्मभर शिकवलं होतं. आधी उत्तर दिशा बघायची, मग प्रमाण, मग खुणा. घराच्या पुढं दोन समांतर रेघांचा पट्टा होता. चौथीच्या पुस्तकात दोन समांतर रेघा म्हणजे रस्ता. घर रस्त्याला लागून दाखवलेलं पाहून गुरुजींना समाधान वाटलं. त्यांनी सही केली आणि अर्ज दिला.

आठ-दहा दिवसांनी जागा बघायला ओव्हरसियर आले. शेषेराव त्यांचं नाव, हदगावकडचे, या नव्या जिल्ह्यात बदलून आलेले. सायकल रस्त्यावर लावली, चौकटीपाशी आले, वाकून आत शिरले, आणि मग नकाशा उघडून इकडंतिकडं बघत राहिले.

"गुरुजी, हे काय करून राहिले तुम्ही?"

"काय झालं?"

"कागदावर घर दहा फूट आत हाय. अन् तुमचं दार तर रस्त्यावर उभं हाय!"

"दार रस्त्यावरच असतं ना, साहेब. हा बघा रस्ता." गुरुजींनी पट्ट्यावर बोट ठेवलं.

शेषेरावांनी ते बोट हळूच उचलून कागदाच्या खालच्या कडेशी ठेवलं. "रस्ता हा. त्याच्या वरचं ते तुमचंच रान. मोकळं सोडायचं. घरापुढं दहा फूट उघडी जागा पाहिजे, नियम हाय. उद्या रस्ता वाढला, आगीचा बंब आला, तर जागा नको?"

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. पट्टा तिथंच होता. इतकी वर्षं पोरांना सांगितलं की खुणांची सूची वाचल्याबिगर नकाशाला हात लावू नका. वीरण्णाच्या नकाशाच्या कोपऱ्यातही सूची होती.

"शिवाय परवानगीच्या आधीच बांधकाम सुरू केलंय असं मला लिहावं लागंल," शेषेराव म्हणाले. मग चौकटीवरचं सुकलेलं तोरण बघून त्यांचा आवाज खाली आला. "असं करा, ही काढून दहा फूट आत घ्या. मी सोमवारी परत येतो. जागा नकाशासारखी दिसली की झालं. पाडवा जवळ आलाय, उशीर नका करू."

घरी येऊन गुरुजींनी महादेवीला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत.

"स्वामींना विचारून आलो," गुरुजी म्हणाले. "पूजा करून हलवली तर चालतं म्हणतात."

"स्वामींचं चालत असंल."

एवढंच बोलून तिनं भाकरी उलटली. गुरुजींनी तो होकार धरला. इतक्या वर्षांच्या संसारानंतरही त्यांची ही एक चूक दुरुस्त झाली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते व्यंकटीला घेऊन प्लॉटवर गेले. व्यंकटीच्या खांद्यावर पहार होती. बघतात तर महादेवी आधीच येऊन चौकटीत बसली होती. उंबऱ्यावर मांडी घालून, पाठ एका बाजूच्या लाकडाला टेकवून.

"अगं, ऊठ. काम करायचंय."

"करा की. मला धरून उपटा."

व्यंकटीनं पहार खाली ठेवली आणि तंबाखूची चंची काढली. "माय, मी आपला दिसभराचा माणूस. तुमचं मिटू द्या."

"महादेवी, परवानगी जाईल," गुरुजी समजावणीच्या सुरात म्हणाले, वर्गात बोलायचे तसं. "मग दिवाळीला कुठं राहायचं? लाकूड तेच राहणार आहे. फक्त दहा फूट."

"लाकूड न्याल. पाणी कसं न्याल?"

"कसलं पाणी?"

"चंद्रप्पानं ओतलं ते. माझ्या बापाच्या हिरीचं. त्या हिरीचं पाणी आता हिरीतसुदिक न्हाई. हितं हाय." तिनं उंबऱ्याखालच्या मातीवर तळवा ठेवला. "मी तुमच्यामागं गावोगाव फिरले. एकदा तरी म्हणाले का, की मी न्हाई येत? चुली सोडल्या, शेजार सोडला. आता हे सोडायला सांगू नका."

गुरुजी त्यांच्या नेहमीच्या दगडावर जाऊन बसले. व्यंकटीनं तंबाखू मळली. ऊन चढू लागलं.

मग महादेवीच म्हणाली, "त्या साहेबांना काय पायजे? घर आत पायजे ना?"

"हो. घर दहा फूट आत, पुढची जागा उघडी."

"आमच्या देवणीच्या घराला काय होतं? आठवा. लग्नाला आलता तवा कुठनं शिरला?"

गुरुजी आठवू लागले. वाजंत्री, मोठं दार, वाकताना बाशिंग अडकलं होतं. दार ओलांडल्यावर एकदम शेणाचा वास. उघड्या अंगणात दावणीला बांधलेली काळीपांढरी देवणी बैलं. त्यांच्यामधून वाट काढून मग घराचा खरा उंबरा.

"आधी बैलाचं दार," ते सावकाश म्हणाले. "मधे अंगण. मग घर."

"मग? ह्ये बाहेरलं दार हाय म्हणा. घर घ्या आत, जिथं सांगतेत तिथं. मधली जागा राहू द्या उघडी."

"बैल कुठायत पर?" व्यंकटी हसला.

"हे हायत की," महादेवीनं गुरुजींकडं हनुवटी केली. "आन् रोज संध्याकाळी ह्यांची वासरं येतेत."

सोमवारी शेषेराव आले तेव्हा चौकट जागची हलली नव्हती. त्यांनी कपाळाला हात लावला. गुरुजींनी काही बोलायच्या आत महादेवीनं विचारलं, "साहेब, तुम्ही आत कसे आलात?"

"कसा म्हणजे? दारातून."

"बाजूनं सगळं रान मोकळं हाय. तिकडनं का न्हाई आलात?"

शेषेरावांनी मागं वळून चौकटीकडं पाहिलं. खरोखरच ते दोन्ही वेळा वाकून आले होते. त्यांना हसू आलं. "दार दिसलं की माणूस दारातनंच येतो, मावशी."

"मग ह्ये येण्याजाण्याचं दार. घराचं न्हाई. घर दहा फूट आत. त्याला दुसरी चौकट करू."

गुरुजींनी मग शांतपणे समजावून सांगितलं. बैलाचं दार, अंगण, घर. शेषेराव ऐकत राहिले. हदगावकडच्या मोठ्या घरांनाही असंच असतं, असं पुटपुटले. टेप काढून चौकट प्लॉटच्या हद्दीच्या आत आहे का ते मोजलं. होती, पण जेमतेम. गुरुजींनी दोरी धरताना तेवढी काळजी घेतली होती.

"कंपाउंडची भिंत न् फाटक हद्दीवर चालतं," शेवटी ते म्हणाले. "फाटक लोखंडाचंच पाहिजे असं मी कुठं वाचलं न्हाई. पर गुरुजी, वर छप्पर न्हाई टाकायचं. पावळी न्हाई, पडवी न्हाई. या दहा फुटांत उद्या खोली काढली तर मीच पाडायला येईन."

"नाही काढणार."

"अन् नकाशा नवा लागंल, भिंत-फाटक दाखवलेला. वरचे साहेब काय म्हणतील ते मी आज सांगू शकत न्हाई. मी माझं लिहून देतो."

वीरण्णानं नवा नकाशा करून दिला. या वेळी गुरुजींनी आधी सूची वाचली, मग प्रत्येक रेघेवर बोट ठेवून वीरण्णाला विचारलं, "ही काय?" वीरण्णा शेवटी वैतागून म्हणाला, "गुरुजी, तुम्ही मला नापास करणार काय?" अर्ज पुन्हा गेला. मग वाट बघणं आलं. रोज सकाळी टँकरची रांग आटोपली की गुरुजी नगरपालिकेच्या पायऱ्यांवर जाऊन बसायचे. साहेब दौऱ्यावर, साहेब टंचाईच्या बैठकीत, साहेब आले पण सहीला वेळ नाही. घरी महादेवी काही विचारायची नाही. चपला काढतानाच्या त्यांच्या चेहऱ्यावरून तिला कळायचं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सायंकाळी कचेरी बंद व्हायच्या वेळी शिपायानं हाक मारली. कागदावर शिक्का होता, सही होती, आणि नकाशात रस्त्याच्या कडेवर चौकटीपाशी छोट्या अक्षरांत 'फाटक' असं लिहिलं होतं. गुरुजी घरी आले तेव्हा महादेवीनं त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि काही न विचारता चहाचं आधण ठेवलं. पाणी मोजकं होतं, तरी दोन कप पूर्ण भरले.

पाडव्याला तिनं चौकटीला गुढी बांधली.

पुढच्याच आठवड्यात शेषेराव घराची आखणी करून द्यायला आले. फक्कीनं पायाच्या रेघा मारल्या. घर जिथं होणार तिथं रेघा होत्या, आणि रेघांपासून चौकटीपर्यंतच्या दहा फुटांत पंधरा-वीस पोरं दाटीवाटीनं बसली होती. गुरुजी त्यांना काठीनं जमिनीवर नकाशा काढून दाखवत होते.

"गुरुजी," शेषेराव म्हणाले, "ही जागा मोकळी ठेवायची कबूल केलंय तुम्ही."

"मोकळीच आहे, साहेब. वर बघा."

शेषेरावांनी वर पाहिलं. रखरखीत आभाळाशिवाय काही नव्हतं. ते हसले, टेप गुंडाळला आणि सायकल समोरच होती म्हणून सरळ पोरांच्या कडेनं, चौकटीच्या बाजूनं निघाले.

"चोर! चोर! भिंतीतनं चालला!" पोरं ओरडली.

शेषेराव थबकले. घराच्या रेघेपलीकडून महादेवी म्हणाली, "साहेब, आलात तसंच जावा."

ते चार पावलं मागं आले, पोरांमधून वाट काढली, आणि वाकून चौकटीतून बाहेर पडले.