गावात नसलेलं नाव

"वामन चालायचं न्हाई," बन्सीनाना शिलाई मशीनवरून मान न उचलता म्हणाले. "सरपंचाच्या मोनिकाच्या मामेसासऱ्याचं नाव वामन हाय. जत्रंला येतो त्यो. पहिल्या रांगंत बसतो वर."

"मग रंगराव ठिवा."

"रंगराव वाडीवर दोन हायेत. त्यातला एक पैलवान. मार तू खानार का मी?"

समर्थने कपाळाला हात लावला. जत्रा तोंडावर आली, तालमी संपत आल्या, आणि नाटकातल्या खलनायकाचा अजून पत्ता नाही. म्हणजे गडी होता, नाव नव्हतं. दुधाचा टेम्पो चालवणारा गोरक्षनाथ दर वर्षी खलनायक व्हायचा. तो बापडा रोज तालमीत "मी... सरदार... हा हा हा!" एवढ्यावरच भागवत होता.

पाथर्डीकडची ही गावं दसरा झाला की निम्मी ओस पडतात. माणसं ऊसतोडीला जातात, कारखान्याचा पट्टा पडला, गाळप संपलं, की परततात, आणि मग चैत्रात जत्रा भरते. जत्रेत गावचं नाटक. नाटक समर्थ लिहायचा, पण पात्रांना नावं द्यायची ती बन्सीनानांनीच. तरुणपणी कोयता चालवून कंबर गेली, म्हणून शिवणकाम शिकलेला हा माणूस. शाळा चौथीपर्यंत. पण नाव असं चपखल द्यायचा की अंगरखा मापाने बेतलाय म्हणावं. बायकांच्या बचत गटाला 'पदरगाठ' त्यांनीच दिलं. क्रिकेटच्या पोरांची 'धुरळा इलेव्हन' त्यांचीच. मागं एका नाटकातल्या दरोडेखोरांच्या टोळीला 'उभा वणवा' म्हटलं, तर पोरांनी व्हॉट्सअॅप ग्रुपचंच नाव बदललं!

नायकाला, राजाला, प्रधानाला काहीही नाव द्या, गाव खूश. खोच सगळी खलनायकापाशी. फार मागं एकदा नाटकातल्या दारुड्याचं नाव भिमाजी ठेवलं होतं, आणि पाटलांचा नवा कोरा जावई भिमाजी मांडवात बसला होता. जावई रुसला, सासरा पेटला, कनाती उपटल्या गेल्या. पुढं किती वर्षं नाटकच झालं नाही. तेव्हापासून नियम पडला. खलनायकाचं नाव गावात कुणाचंच नको, जित्याचं नको आणि मेलेल्याचंही नको. नाना स्वतः घरोघर विचारून यायचे. मग देवळात नारळ फोडून नावं देवाला सांगायची. एकदा देवाला सांगितलं की बदल नाही, हाही नियम नानांचाच.

त्या दिवशी समर्थ हात हलवत गेला आणि नाना सरदाराचा काळा झगा शिवत बसले. पाय चालत होता, सुई चालत होती, आणि एकाएकी जिभेवर नाव आलं. इंद्रसेन.

कुठून आलं, देव जाणे. नाना मशीन थांबवून दोनदा स्वतःशीच म्हणाले. वा! काय वजन आहे! हातात तलवार घेऊनच जन्मलेलं नाव. लगोलग वहाणा घालून ते गावभर फिरले. म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं, वाडीवर विचारलं, सुनांच्या माहेरची चौकशी केली. गावात औषधालाही इंद्रसेन निघाला नाही.

"नाना, एक नंबर!" समर्थ म्हणाला. दुसऱ्या दिवशी नारळ फुटला, तिसऱ्या दिवशी वेशीत फ्लेक्स लागला, आणि गोरक्षनाथाच्या टेम्पोवर भोंगा चढला.

नानांच्या पत्नी मालनबाई अंगणात ज्वारी पाखडत होत्या. टेम्पो गल्लीत शिरला. भोंग्यातून समर्थ घसा ताणून ओरडत होता, "क्रूर! कपटी! लेकीबाळींचा वैरी! सरदार इंद्रसेन! त्याचा सत्यानाश बघायला या हो या!"

सूप हातातच थांबलं. टेम्पो देवळाकडे वळला तरी ते हललं नाही.

"अवो," त्यांनी हाक मारली. "ह्ये नाव कुनी दिलं?"

"कुनी म्हंजे? म्या!" नाना खुशीत बाहेर आले. "डोकं लागतं त्याला. आख्ख्या गावात ह्या नावाचं मानूस न्हाई."

"हाय."

"आता गं? कुनाचं?"

मालनबाईंनी सुपातला एक खडा वेचला आणि बाजूला टाकला.

"आपल्या पोराचं."

नानांना आधी काही कळेचना. पोरगा? त्यांना दोन लेकी, दोघी नांदत्या. आणि मग कळलं. लेकींच्या आधीचं ते बाळ. कारखान्यावर, उसाच्या पाचटानं शाकारलेल्या कोपीत जन्मलेलं. थंडीनं बाराव्या दिवसापर्यंत पोचूच दिलं नाही त्याला. पाण्याच्या पाटाच्या कडेला त्याला मातीत ठेवलं, आणि सकाळी मुकादमानं हाक मारल्यावर दोघंही उसाच्या फडात उतरले. घरात त्याचा विषय निघालाच तर 'ते बाळ' एवढंच म्हणायचे.

"त्याचं बारसं कुठं झालं हुतं, मालन?"

"तुमी न्हाई क्येलं. म्या त्याच्या कानात सांगितलं हुतं. शेजारच्या कोपीतली म्हातारी पोथी वाचायची, त्यातल्या राजाचं नाव. म्हनलं, बाराव्याला तुमाला सांगीन."

नाना ओट्यावर टेकले. आता आठवलं. त्या हंगामात मोळ्या बांधताना मालन सारखी काहीतरी पुटपुटायची. त्यांना वाटायचं, देवाचं नाव घेती. तेच हे. एवढी वर्षं ते नाव त्यांच्याच आत पडून होतं, आणि त्यांनी ते उचलून दिलं कुणाला, तर लेकीबाळींच्या वैऱ्याला.

"आत्ता बदलतो," ते उठले. "समर्थाला सांगतो, आमच्या पोराचं..."

"न्हाई." मालनबाईंनी त्यांचा सदरा धरला. "त्याला चावडीवर न्हेऊ नका. लोकं ईचारतील, कदी झालं, कसं ग्येलं. आता कुनापुढं न्हाई बोलायचं मला. तेवढं एकच माझ्यापाशी ऱ्हायलंय."

तरी नाना गेले. देवळापुढं स्टेज बांधणं चाललं होतं.

"समर्था, नाव बदल बाबा."

"आँ? नाना, नारळ फुटलाय की! देवाला सांगून झालं. नियम तुमचाच हाय."

"चुकलं माझं. गावात हाय त्या नावाचं."

"कुनाचं?" समर्थ चमकला. "सांगा ना. आसंल तर आत्ता फ्लेक्स उतरवतो, देवाला दुसरा नारळ देतो."

एका शब्दाचं काम होतं. पण मालननं धरलेला सदरा नानांना आठवला. पोरं दोऱ्या सोडून त्यांच्याकडे बघत राहिली. गोरक्षनाथ म्हणाला, "नाना, ऊन लागलं तुमाला. सावलीत बसा." कुणीतरी पाण्याचा तांब्या आणून दिला. नाना निमूट पाणी प्याले आणि घरी आले. काय करणार होते बिचारे?

नाटक झालं. मालनबाईंनी आजवर एक नाटक चुकवलं नव्हतं, यंदा गेल्या नाहीत. पण घरी बसून कान थोडेच बंद करता येतात? भोंगा वाडीपर्यंत ऐकू जात होता. नाना पडद्याआड वही घेऊन वाक्यं सांगायला बसले होते, दर वर्षीसारखे. नट अडखळला की त्यांनी सांगायचं. "इंद्रसेना, भरला तुझा घडा," हे वाक्य नायक नेमका विसरला, आणि ते नानांना आपल्या तोंडानं सांगावं लागलं. सरदार पडला तेव्हा मांडव उभा राहिला. "मेला! मेला रे इंद्रसेन!" शिट्ट्या, टोप्या, हलगी. नानांनी वहीत तोंड घातलं.

सकाळी रीतीप्रमाणे गोरक्षनाथ दारात आला. हीसुद्धा गावची जुनी रीत. खलनायक झालेल्या गड्याला आख्खं गाव शिव्याशाप देतं, ते त्याला बाधू नयेत म्हणून दुसऱ्या दिवशी नानांच्या घरी त्याची दृष्ट काढायची आणि गोड जेवू घालायचं. दृष्ट मालनबाईच काढायच्या. मागं पोरांची झुंड होती. "इंद्रसेन आला! काळतोंड्या इंद्रसेन!"

नाना लगबगीनं आडवे आले. "गोरक्षा, आज न्हाई जमायचं. तिला बरं..."

"येऊ द्या त्याला," आतून आवाज आला.

मालनबाईंनी न्हाऊन धुऊन ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. पाट मांडला होता, पुरणाचा वास सुटला होता. त्यांनी पोरांना एकाच नजरेनं गप्प केलं. गोरक्षनाथ पाटावर बसला, तशा मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन त्याच्यावरून उतरवू लागल्या.

"आल्यागेल्याची, वाटंवरल्याची, सारी इडापिडा टळू दे," त्या म्हणाल्या आणि थांबल्या. मग सावकाश म्हणाल्या, "माझ्या इंद्रसेनाची."

मीठ-मोहऱ्या चुलीत पडल्या, तडतडल्या. गोरक्षनाथ हसला. "काकू, तुमीबी व्हय! आता वरीसभर ह्येच नाव मला."

"व्हय," त्या म्हणाल्या. त्यांनी त्याच्या पोळीवर तुपाची धार धरली, ती जरा जास्तच वेळ धरली. "खा, इंद्रसेना. सावकाश खा. घाई न्हाई कसली."

नाना उंबऱ्यात उभे होते. त्यांनाही वाटत होतं, एकदा, एकदाच हाक मारावी. आजवर बाप म्हणून मारलीच नव्हती. त्यांनी तांब्या भरला, ताटापाशी वाकले.

"गोरक्षा," ते म्हणाले, "पानी घे."