माजिन माइकवरून उठेना

पामच्या मळ्यात जुन्या पुलाच्या उतारावर लोनिसची पिकअप पार दारापर्यंत रुतली, आणि त्याच वेळी दवाखान्यात न्यायला मागच्या सीटवर बसवलेल्या तेन्रीच्या बाळंतकळांना जोर चढला. तिचा नवरा पलीकडच्या डोंगरावर घड तोडायला गेलेला. मोबाइलला इथे कधीच रेंज नसे. सगळी भिस्त गाडीतल्या नव्या डिजिटल रेडिओवर.

लोनिसने माइकचं बटण दाबलं. बारीक शिट्टी वाजली की मगच बोलायचं, असं शिकवलं होतं. शिट्टी वाजलीच नाही. नुसता घुर्र असा नकार आला. दुसरं कुणीतरी बोलत होतं, आणि एका वेळी एकालाच बोलता येई.

बोलत होता माजिन, मळ्यातला एकुलता एक ट्रॅक्टरवाला. मचमच जेवता जेवता.

"आज अजून कुणी रुतलं नाही. सुखाने चार घास पोटात जातायत."

"लोनिस रुतेल की," सोबतचा कुणी म्हणाला.

"तो? तो गाडी कुठे चालवतो, म्हैस हाकतो!"

तेन्रीने दात आवळून विचारलं, "दादा, हा आपला माजिनच ना? बोलवा ना त्याला."

"कसा बोलवू, बाई? माइकचं बटण त्याच्या ढुंगणाखाली दबलंय. तो उठेपर्यंत कुणाचंच तोंड उघडणार नाही!"

लोनिसने सगळ्यांऐवजी एकट्या माजिनचा नंबर निवडून पाहिला. घुर्र. पुन्हा दाबलं. घुर्र. तिकडे माजिन सासूवर घसरला, तिथून मॅनेजरच्या रंगवलेल्या केसांवर.

एकाच दमात फार वेळ बटण दाबलेलं राहिलं, की रेडिओ आपणहून गप्प व्हायचा. तसा तो झाला. लोनिस माइकवर तुटून पडला. "माजिन, अरे ट्रॅक्‌—" शिट्टीच्या आधीच बोलला होता. शब्द गाडीतच राहिले. तेवढ्यात माजिन हलून बटण पुन्हा दाबलं गेलं असावं, कारण पुन्हा तीच मचमच सुरू झाली. लोनिसने स्टिअरिंगवर बुक्क्या मारल्या.

"मला द्या तो," तेन्री म्हणाली.

ती माइक धरून वाट पाहत राहिली. माजिन "अजून थोडा भात आहे का?" म्हणत उठला, आणि रेडिओ शांत झाला. तिने बटण दाबलं, शिट्टी येऊ दिली. नेमकी तेव्हाच कळ आली. मळ्यातल्या प्रत्येक गाडीत तिची किंकाळी घुमली.

"कोण मेलं?" माजिन दचकून म्हणाला.

लोनिसने माइक ओढला. शिट्टी. "अजून कुणी नाही! मी लोनिस. जुन्या पुलाच्या उतारावर रुतलोय, गाडीत बाईला कळा येतायत. ट्रॅक्टर आण!"

"तू... कधीपासून ऐकतोयस?"

"म्हशीपासून! नीघ आता!"

ट्रॅक्टर येईपर्यंत लोनिसने निवडक शिव्या जमवून ठेवल्या होत्या. पण गाडी ओढायची साखळी माजिनच्याच हातात होती. लोनिसने त्या गिळल्या.

दवाखान्याच्या पायऱ्या चढवून आत नेताच तेन्रीला मुलगी झाली. नर्सने दोघी ठीक असल्याचं लोनिसला सांगितलं. मागोमाग ट्रॅक्टर घेऊन आलेला माजिन त्याच्या कानाशी लागला.

"मॅनेजरने ऐकलं असेल का रे?"

 लोनिस नळाकडे गेला आणि गुडघ्यापर्यंतचा चिखल घासून धुवायला लागला.