मानेमागची खूण

मालगुमला लिहितावाचता येत नव्हतं. पण मेलेल्या बायकांची अंगं ती तेवीस वर्षं वाचत आली होती. कचेरीची दासी, त्यातून हे काम. जिवंतपणी जिच्या सावलीलाही उभं राहता येत नाही अशी थोरामोठ्यांची सून मेली, की तिला हात लावायला मात्र मालगुमच लागायची. अंमलदार पडद्याबाहेर बसायचा, मालगुमने दिसेल ते मोठ्याने पुकारायचं आणि कारकून प्योने लिहून घ्यायचं.

त्या सकाळी मिठाचा व्यापारी सिम याच्या घरी त्याची एकोणीस वर्षांची विधवा सून चटईवर होती. नवऱ्याला जाऊन शंभर दिवस झाले त्याच पहाटे तिने तुळईला गळफास घेतला, असं सासरा सांगत होता. सांगताना रडत होता आणि रडताना मधूनमधून फाटकाकडे बघत होता. पतीमागे जीव देणाऱ्या सुनेच्या घराला राजाकडून मानाचा लाल दरवाजा मिळतो, वेठ माफ होते, आणि परवापर्यंत मीठ विकणारं घर एकदम खानदानी होतं. घाई अंमलदारालाही होती. त्याच्या तीन वर्षांच्या कारकिर्दीत तालुक्यात एकही पतिव्रता निघाली नव्हती. वरिष्ठांना दाखवायचं काय?

"मालगुम," पायरीवरच प्यो म्हणाला, "तुझी लेक बोबे केवढी झाली गं?"

"सतरा."

"यंदा दासींची यादी नव्याने लिहायची आहे. साहेब म्हणतात, घाईत एखादं नाव गळालं तर चालेल."

"आणि माझी जीभ?"

"ती नीट चालली म्हणजे झालं."

पडद्याआड मालगुमने अंग धुतलं, दडलेल्या खुणा वर याव्यात म्हणून शिरका शिंपडला, तांदळाच्या दारूचा गरम चोथा मानेवर थापला. थोडा वेळ गेला, चोथा काढला. गळफासाची खूण कानांमागून वर चढते आणि मानेमागे तुटते. ही तुटत नव्हती. आडवी, सरळ, पूर्ण फिरून स्वतःलाच भेटत होती. दोन्ही मनगटांवर कुणाची तरी बोटं निळी उमटली होती. धरणारा एक, आवळणारा दुसरा.

"मानेमागे काय?" बाहेरून प्योने विचारलं.

मालगुमने हिशेब केला. नियमाप्रमाणे दुसरी तपासणी शेजारच्या तालुक्याचा अंमलदार करणार. त्याला पहिला अहवाल दिसणार नाही. त्याच्याबरोबर येणार त्याच्या कचेरीची दासी गामदोक. तीस वर्षं या कामात, आणि एकदाही खोटं पुकारलेलं नाही. दोन अहवाल जुळले नाहीत की तिसरी तपासणी, मग सिमची मान आणि मालगुमची पाठ. नजर चुकली म्हणून तीसेक फटके. तोवर यादीवर शिक्के पडलेले असतील. तीस फटक्यांत लेक मोकळी, सौदा महाग नव्हता. आणि या मेलेल्या पोरीलाही न्याय मिळेल, फक्त चार दिवस उशिरा.

"मानेमागे खूण नाही!" तिने पुकारलं. "मनगटं साफ!"

मग उजव्या हाताचं मधलं बोट कागदावर ठेवलं. प्योने पेरांच्या रेघा मारल्या. तीच तिची सही.

तिसऱ्या दिवशी गामदोक आली, तपासून गेली. दोन्ही अहवाल शब्दाला शब्द जुळले.

पानगळीत सिमच्या घरापुढे लाल दरवाजा उभा राहिला. भात शिजवायला दोन्ही तालुक्यांच्या दासी बोलावल्या होत्या. चुलीपाशी मालगुमने गामदोकला गाठलं.

"ताई, तुम्हाला मानेमागचं दिसलं नाही?"

"न दिसायला काय झालं? डोळे गेलेत का माझे?"

"मग?"

गामदोकने झाकण उचललं, परत ठेवलं. "आमच्या साहेबांना तुमच्या साहेबांशी वाकडं घ्यायचं नव्हतं. म्हणाले, तुझ्या म्हाताऱ्याची वेठ सोडवतो. मी म्हटलं, पहिली तपासणी मालगुमची आहे, ती मेली तरी खोटं पुकारायची नाही. माझं खोटं पकडलं जाईल, तिसरी तपासणी होईल. माझ्या पाठीवर पडतील तीसेक..."

"तीसच धरले होते मीही," मालगुम म्हणाली.

दोघींनी भात वाढला. सिमने स्वतः येऊन चव घेतली आणि छान झालाय म्हणाला.

बोबेचं नाव खरंच गळालं. अंमलदार शब्दाचा पक्का निघाला. महिन्याभराने सोयरीक जुळवणारी बाई दारात आली, सिमच्या धाकट्या मुलासाठी.

"पोर दासी असती तर ही पायरी चढले असते का मी?" ती बसता बसता म्हणाली. "साहेबांनीच सुचवलंय. दुसरं कुणी मुलगी देईना म्हणून नाही हो, तुमचं नशीब म्हणून!"

"मुलगा कसा आहे?"

"खोकतो जरासा."

बोबे पाठमोरी बसून वेणी घालत होती. केस पुढे घेतलेले, मान उघडी. "आई, घर चांगलंच असणार," ती न वळता म्हणाली. "राजाचा दरवाजा आहे."

नाही म्हणायचं तर साहेबांना कारण द्यावं लागणार. कारण एकच होतं. ते सांगायचं तर आधी कागदावरचं बोट खोटं ठरवायचं. ते जाणूनबुजून खोटं ठरलं की कशाच्या बदल्यात हेही निघणार, मग यादीही खोटी, आणि बोबे पुन्हा कचेरीत.

"मग काय सांगू त्यांना?" बाईने विचारलं. "काही अडचण दिसते का त्या घरात?"

मालगुम लेकीच्या मानेकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली. एकदा पुकारलेलंच तिने पुन्हा पुकारलं, या वेळी हळू आवाजात.