दारावरचा हत्ती

सूर्यभानचं आणि हत्तीचं वाकडं आलं, हे ऐकून बेलापुरात आधी सगळे हसले. हसणारच! ज्याच्या घरातली चूल हत्तीच्या जिवावर पेटते, त्यानंच हत्तीला शिव्या घालायच्या म्हणजे काय म्हणावं?

त्या भागात लग्नघर दारावरून ओळखायचं. दाराच्या दोन्ही अंगांची भिंत चुन्यानं पांढरीधोप करायची आणि तिच्यावर तांबडी काव कालवून दोन हत्ती काढायचे, एकमेकांकडे तोंड करून. सोंड वर, सोंडेत हार, पाठीवर झूल, मानेवर फेटेवाला माहूत. खाली नवरानवरीची नावं. हे हत्ती सूर्यभानच्याच हातचे लागत. त्याच्याआधी त्याचा बाप भीमा काढायचा. भीमा गेला आणि कुंचला सूर्यभानच्या हातात आला, पण हत्ती तोच राहिला, केसाचाही फरक नाही. गावाला त्याचंच कौतुक. जिवंत हत्ती म्हणाल तर सूर्यभाननं नीट निरखून कधी बघितलाच नव्हता. त्याची गरज काय होती?

एकाहत्तर सालच्या फाल्गुनात प्रवरेच्या काठी सर्कस उतरली. सर्कस कसली, एक फाटका तंबू, दोन मरतुकडे वाघ, सायकलवरच्या चार पोरी. पण तिच्यात चांदणी नावाची एक हत्तीण होती, आणि चांदणी चित्र काढायची. खरंच काढायची! तिचा माहूत रशीद तिच्या सोंडेत कुंचला द्यायचा, समोर पांढरं कापड ताणलेलं असायचं, आणि बघता बघता त्या कापडावर देठ, देठाला दोन पानं, वर टपोरं फूल. लोक अक्षरशः बाकांवर उभे राहून टाळ्या पिटायचे.

सूर्यभानची बायको मनकर्णा शेजारणींबरोबर खेळ बघून आली ती पदर खोचायच्या आधीच सुरू झाली.

"अवो, काय सांगू तुमाला! मुक्या जनावरानं असं रेखीव फूल काढावं? अंगावर काटा आला बगा."

"मी इतकी वर्सं हत्ती काढतोय," सूर्यभान म्हणाला, "तुज्या अंगावर कधी काटा आला न्हाई तो."

"तुमचं काय, तुमचं रोजचंच हाय," मनकर्णा म्हणाली आणि पीठ मळायला बसली.

ती सहज बोलली, पण सूर्यभानला ते झोंबलं. पारावर गेला तर तिथंही चांदणी, न्हाव्याकडे गेला तर तिथंही चांदणी. एकानं तर तोंडावर विचारलं, "काय पेंटर, आता तुजं कसं हुनार?" सूर्यभान हसला खरा, पण घरी येऊन त्यानं कावेचं मडकं असं आपटलं की त्याला तडा गेला.

आणि मग कानिफनाथनं त्याला बोलावणं धाडलं.

कानिफनाथ म्हणजे गावातलं मोठं बागाईत घर. उसाचे मळे, दारात ट्रॅक्टर. थोरल्या पोरीचं लग्न ठरलेलं. कानिफनाथच्या स्वतःच्या लग्नात हत्ती भीमानं काढले होते, त्याच्या भावाच्या लग्नात सूर्यभाननं. सूर्यभान टोपी नीट करून, नवा कुंचला घेऊनच गेला.

"बस," कानिफनाथ म्हणाला. "ह्या बारीला आमच्या दारावर हत्ती हत्तीनंच काढायचा, असं ठरलंय. सर्कसवाल्याशी बोललोय मी, फुलासारखा हत्तीबी काढून घेतो म्हनला. सगळा तालुका बघायला येईल."

सूर्यभाननं हातातला नवा कुंचला पाठीमागं नेला.

"तू नाराज नगं हू," कानिफनाथ म्हणाला. "खालची नावं तूच लिव्ह. हत्तीनीला अक्षर कुठं येतंय?"

हत्तिणीनं हत्ती काढायचा आणि सूर्यभाननं तिच्या पायाशी बसून नावं लिहायची! तो घरी आला ते कानशिलं तापलेलीच. गेली ही भिंत, की सगळ्याच भिंती गेल्या, हे त्याला स्वच्छ दिसत होतं. कानिफनाथनं केलं ते उद्या सगळं गाव करणार. आणि पोटाचं एक वेळ जाऊ द्या, पण एका जनावरानं आपल्याला कामावरून काढावं? मेला तरी हे त्याला सहन होणार नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तो रोज सर्कशीत जाऊन पुढच्या सतरंजीवर बसू लागला. लोक सोंडेकडे बघायचे, हा माहुताकडे बघायचा. आणि त्याला दिसलं. रशीद हत्तिणीच्या गळ्याशी लाडानं टेकून उभा राहायचा, आणि त्याची मूठ तिच्या कानाच्या मुळाशी असायची. मूठ वर सरकली की सोंड वर. मूठ खाली, सोंड खाली. जरा पिळली की पानाचा बाक. सूर्यभानला इतका आनंद झाला की त्यानं एकट्यानंच मांडीवर थाप मारली.

सकाळी नदीवर रशीद चांदणीला घासत होता, तिथं तो जाऊन उभा राहिला.

"रशीदभाई, फूल तुमी काढता. ती न्हाई."

रशीद केडगावचा माणूस, उगाच तोंड वाजवणारा नव्हता. त्यानं अंग घासायची वीट खाली ठेवली. "व्हय," तो म्हणाला. "कान मी धरतो. मग?"

"मग लोकास्नी फसवता व्हय?"

"पेंटर, मला स्वतःला हातात खडू घेऊन साधी रेघ येत न्हाई. आनि तिला माज्याबिगर फूल येत न्हाई. कुनी काढलं म्हनायचं, तुमीच सांगा." तेवढ्यात त्यानं मान न वळवताच हाळी दिली, "चांदणी! बगतोय बरं का मी!"

सूर्यभाननं बघितलं. चांदणीनं मागच्या पायाच्या साखळीची खिट्टी सोंडेनं निम्मी उपसली होती. हाक ऐकल्याबरोबर तिनं ती पुन्हा होती तशी बसवली आणि सोंडेनं पाणी पिऊ लागली, जणू काही घडलंच नाही.

"माजं लक्ष हाय का ते आदी बगती, मंग काढती," रशीद म्हणाला. "डोकं लई. कधी कधी वाटतं, सर्कस तीच चालवती."

त्या कौतुकानं सूर्यभानच्या अंगाचा आणखीच भडका उडाला. डोकं आहे म्हणे! थांब, दाखवतो तुझं डोकं सगळ्या गावाला.

ठरल्या दिवशी कानिफनाथच्या अंगणात मुंगी शिरायला जागा नव्हती. भिंत चुन्यानं झकास केलेली. कावेची बादली तयार. बाया गाणी म्हणत होत्या. कानिफनाथची आई गोजरबाई बाजेवर मधोमध बसली होती, सगळ्यांवर नजर ठेवून. रशीद चांदणीला घेऊन आला, तिच्या कपाळावर नक्षी, गळ्यात घंटा. रशीद गळ्याशी टेकला, मूठ कानामागं गेली, आणि चांदणीनं कुंचला बुडवून भिंतीवर टेकवला.

"कान सोडा!" सूर्यभान ओरडला.

गाणी थांबली.

"ह्यो कान धरून काढून घेतो!" सूर्यभान पुढं घुसला. "कानिफदादा, त्याला म्हनावं लांब हू. मग बगू तुमची हत्तीन काय काढती ती! न्हाई काही काढलं तर भिंत माजी."

लोक कुजबुजले. आपल्याच दारात आपण फसलो असं दिसणं कानिफनाथला कसं चालेल? तो तांबडालाल झाला. "रशीद, लांब हू," तो म्हणाला.

"मालक, नगं," रशीद म्हणाला. "ती घाबरंल."

"लांब हू म्हनलं ना!"

रशीद तुळशीपर्यंत मागं सरला. चांदणी कुंचला धरून तशीच थांबली. तिनं कान हलवला, पुन्हा हलवला, कानामागं हात आहे का ते चाचपत असावी तसा. हात नव्हता. आणि सूर्यभान मनात म्हणत होता, काढ आता, काढ ना!

तिनं काढलं. भिंतीच्या वरच्या अंगाला कुंचला लावला आणि एक लांब रेघ सावकाश खाली आणली. अर्ध्यावर ती रेघ पोटात वळली, पुन्हा बाहेर आली आणि जमिनीच्या वर थांबली. कुणी न सांगता चांदणीनं कुंचला बादलीत बुडवला. एक पाऊल मागं झाली. भिंतीकडे बघितलं. मग पहिल्या रेघेच्या बगलेला दुसरी, आखूड, जराशी तिरकी. पुन्हा थांबली. दोन्हींच्या मधे एक ठिपका टेकवला आणि कुंचला आपला आपण बादलीत ठेवून दिला.

आधी एक पोरगं हसलं. मग सगळं अंगण हसलं.

"ह्ये काय, रेघोट्या!"

"शेंबडं पोर बरं काढंल!"

रशीद खाली मान घालून चांदणीला बाजूला घेऊन गेला. कानिफनाथनं सूर्यभानच्या खांद्यावर हात ठेवला. "जितलास बाबा. भिंत तुजी. पूस ते आनि काढ आपला हत्ती."

जिंकला होता तो. ज्यासाठी इतके दिवस जळत होता ते सगळं त्याच्या पदरात पडलं होतं. चुन्याचा डबा घेऊन तो भिंतीपाशी गेला आणि तिथंच खिळून राहिला.

जन्मभर रेघा ओढलेला माणूस तो, रेघ कशाला म्हणतात हे त्याला कळत होतं. ही थरथरलेली नव्हती, घसरलेली नव्हती. जिथं थांबायला हवं तिथं थांबली होती. ठिपका बोटभर इकडं असता तर सगळं मेलं असतं, आणि तो बोटभर इकडं नव्हता. हे हिला कुणी शिकवलं? कुणीच नाही. कान मोकळा होता, त्यानंच मोकळा करायला लावला होता. आणि आपण? पाठ बापाची, गंडस्थळ बापाचं, झुलीचे गोंडे बापाचे. बापानं मनगट धरून काढून घेतलेल्या हत्तीत आपली म्हणावी अशी एक रेघ कुठं आहे? सूर्यभान आठवू लागला. आठवेना.

आतापर्यंत तो टाळ्यांवर जळत होता. आता मात्र त्या रेघेवर जळू लागला, आणि हे जळणं फार वाईट होतं.

त्यानं चुना खाली ठेवला आणि कुंचला काढला. मी पण काढतो, म्हणाला. चांदणीची लांब रेघ त्यानं पाठ म्हणून धरली आणि तिच्यापासून हत्ती काढायला लागला, नदीवर बघितला तसा. मान खाली, सोंड पाण्याकडे सुटलेली, डोळा बारीक, चोरून बघणारा. चार रेघा अशा आल्या की त्याच्या अंगावर काटा आला.

"सूर्यभान!" बाजेवरून गोजरबाई कडाडली. "अरं, डोकं फिरलं का तुजं? लग्नाच्या दारात सोंड खाली? पोर माजी नांदायला जायची हाय!"

"आत्या, जरा थांबा, पुरं हू द्या..."

"काय पुरं हू द्या? हार कुठाय? झूल कुठाय? तुजा बाप कसा काढायचा?"

"नेहमीचा काढ की रं," मागून कुणीतरी म्हणालं. "आपला काढ," दुसऱ्यानं म्हटलं. कानिफनाथ नुसता बघत राहिला. सगळं अंगण बघत होतं.

नको म्हणायचं त्याच्या अगदी ओठावर आलं होतं.

पण त्यानं चुन्याचा कुंचला उचलला. आधी आपला हत्ती पुसला. मग चांदणीची रेघ पुसली, आणि ती पुसताना हात जरा जास्तच जोरानं चालला. ठिपक्यावर तर त्यानं तीनतीनदा चुना फासला. आपल्याशिवाय तो कुणी ओळखला नाही, आता कुणी ओळखणारही नाही, असं मनात आलं, आणि त्या विचाराची त्याला लाज वाटली नाही.

चुना वाळल्यावर त्यानं हत्ती काढले. सोंड वर, सोंडेत हार, मानेवर फेटेवाला माहूत. एकही रेघ चुकली नाही. दिवस कलायच्या आत दोन्ही पुरे झाले.

"हां! आता कसा हत्ती झाला!" गोजरबाई म्हणाली. कानिफनाथनं त्याला फेटा बांधला. बाया पुन्हा गाऊ लागल्या.

अंगणाच्या कडेला चांदणी ऊस खात उभी होती. रशीद तिची घंटा सोडत होता. तिनं एकदाही भिंतीकडे मान वळवली नाही. आपण काय काढलं आणि काय पुसलं गेलं, याचं तिला काही नव्हतं. उद्या मोकळी सुटली तर ती उद्या पुन्हा काढेल. सूर्यभान फेटा बांधून तिच्यासमोर उभा राहिला. तिला मारावं की तिच्या पाया पडावं, हे त्याला कळेना.

"ये रं सूर्यभान, जेवायला ये," कानिफनाथनं हाक मारली, आणि सूर्यभान मुकाट्यानं वळला.