एलिफेतची हाक

हुकूमशहा देश सोडून पळाला आणि ओदिलों हैतीत परतला. मॉन्ट्रियलला टॅक्सी चालवत त्यानं त्या राजवटीविरुद्ध सिनेमे काढले होते. इथं कुणाला ते पाहताच आले नव्हते. परतल्यावर काढलेला नवा माहितीपट मात्र आज जाकमेलच्या चर्चमध्ये, चादरीच्या पडद्यावर लागला होता. सैनिकांनी उचलून नेलेल्या माणसांच्या बायका त्यात बोलत होत्या.

पडद्यावर क्लेर्सियामावशी म्हणाली, "गाडीत कोंबताना एलिफेतनं मला हाक मारली. पोरींना सांभाळ म्हणाला."

सगळीकडून हुंदके ऐकू आले. परदेशातही लोक याच वाक्याला रडले होते.

खेळ संपल्यावर ओदिलों मावशीशेजारी जाऊन बसला.

"कसा वाटला, मावशी?"

"चांगलाय रे. पण एलिफेतनं हाक नव्हती मारली."

"म्हणजे?"

"मान खाली घालून गेला बिचारा. पहिल्यांदा तसंच सांगितलं की मी. मग तू म्हणालास, रीळ संपलं, पुन्हा सांगा. तुझा चेहरा असा पडलेला! वाटलं, पोरगा एवढ्या लांबून आलाय. घातलं थोडं पदरचं."

रीळ संपलं नव्हतं. पहिलं सांगणं त्याला कोरडं वाटलं होतं. ओदिलोंचे कान तापले.

"मावशी, मी खोटं बोललो तेव्हा. रीळ शिल्लक होतं. ते वाक्य उद्याच कापतो."

मावशी बाकाचा आधार घेत उठली.

"आता कापून काय करतोस? पोरींनी ऐकलंय. चल, जेवायला थांबल्यात त्या."

नाही म्हणायला त्याला तोंड नव्हतं. घरी पोरींनी तळलेली केळी आणि मासे त्याच्यापुढे ठेवले. थोरली सारखी वाढत होती. धाकटीनं विचारलं, "दादा, सगळं बोलणं सिनेमात थोडंच घेता येतं? कापलेल्या भागात बाबांचं आणखी काही होतं का? माझं नाव वगैरे?"

मावशी ताटाकडे बघत राहिली. पहिल्या सांगण्याचं रीळ मॉन्ट्रियलला त्याच्या खोलीत एका डब्यात पडून होतं.

"नाही गं," ओदिलों म्हणाला. "जे होतं ते सगळं घेतलंय."

"तेवढं तरी बोलले," ती म्हणाली आणि त्याला आणखी केळी वाढली.

सिनेमा पुढं गावोगाव फिरला. ते वाक्य तसंच राहिलं. ते जवळ आलं की ओदिलों उठून बाहेर जाई, आणि लोकांना वाटे, याला अजूनही ऐकवत नाही.